मावशीचे पैंजण आणि गाझाची गटारं

बेळगावच्या वडगावात मावशीचं घर बळ्ळारी नाल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. उन्हाळ्यात नाल्याचं पाणी काळं पडून जागच्या जागी थांबतं आणि तिचे चांदीचे पैंजण महिन्याभरात काळवंडतात. राखेनं घासले की पुन्हा पांढरे. यामागे रसायनशास्त्र आहे: तो काळा थर चांदी आणि गंधक यांच्या संयोगाचा असतो आणि त्यातलं गंधक येतं नाल्याच्या हवेतून.

वाहत्या पाण्यात ऑक्सिजन मिसळत राहतो. त्याच्या जोरावर जीवाणू मैला कुजवतात आणि वास बेताचा राहतो. पाणी तुंबलं की ऑक्सिजन संपतो. मग सल्फेटवर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या गंधकाच्या क्षारांवर, जगणारे जीवाणू कामाला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड हा गंधकाचा वायू सोडतात. कुजक्या अंड्याचा वास तो हाच.

सल्फेट जितकं जास्त, तितका या जीवाणूंना शिधा जास्त. समुद्राच्या एक लिटर पाण्यात ते सुमारे २.७ ग्रॅम असतं. गाझामध्ये अतिउपशामुळे समुद्राचं पाणी, आणि त्याबरोबर सल्फेट, कित्येक वर्षांपासून जमिनीखालच्या पाण्यात शिरलेलं आहे. तिथे ११ ऑक्टोबर २०२३ रोजी इंधन संपून एकमेव वीजकेंद्र बंद पडलं. पंप थांबले, मैलापाण्यात हवा सोडणारी यंत्रं थांबली, बाँबहल्ल्यांनी गटारांचे नळ फुटले आणि मैलापाणी तंबूंच्या मधून वाहू लागलं. माणसं तिथेच स्वयंपाक करत होती, लेकरं तिथेच खेळत होती. जून २०२४ मध्ये घेतलेल्या सांडपाण्याच्या नमुन्यांत पोलिओचा विषाणू सापडला आणि ऑगस्टमध्ये दहा महिन्यांच्या एका बाळाला पोलिओ झाल्याचं निष्पन्न झालं. वासानं पोलिओ होत नाही, हे खरं. पण ज्या तुंबलेल्या पाण्याचा वास येतो, त्याच पाण्यातून तो पसरतो.

हायड्रोजन सल्फाइड गटाराच्या नळाच्या ओलसर छतावर पोचला की तिथले जीवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि काँक्रीट आतून पोखरलं जातं. बाँब न पडलेला नळही असा खचू शकतो.

हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे गटाराच्या चेंबरच्या तळाशी साचतो. हवेच्या दहा लाख भागांत तो १०० भागांच्या आसपास गेला की नाक बधिर होतं. आत उतरलेल्या माणसाला वाटतं, वास गेला. वायू तिथेच असतो.

मावशीच्या घरात तो त्यामानानं नगण्यच. तरी ती म्हणते, “आता काय वास येत नाही रे, सवय झाली.” पैंजण मात्र दर महिन्याला काळे पडतात.