तीन माणसं पुरतात

एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी कोणती पहिलीएवढी, इतकंच सांगायचं. एकट्याला विचारलं तर माणूस जवळपास चुकतच नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या महाविद्यालयीन तरुणांना हेच विचारलं, पण गटात बसवून. गटातला एकच जण खरा, बाकीचे पढवलेले. १८ फेऱ्यांपैकी १२ फेऱ्यांत पढवलेले सगळे एकमुखानं चुकीची रेघ सांगत. त्या फेऱ्यांत साधारण ३७ टक्के उत्तरं गटामागे गेली; चारांतले तीन जण निदान एकदा तरी झुकले.

नंतरच्या गप्पांत कारणं निघाली. काहींना आपल्याच डोळ्यांबद्दल शंका आली होती. काहींना खरं काय ते दिसत होतं, पण वेगळं पडायचं नव्हतं. ही दोन दुखणी निरनिराळी आहेत. पहिल्याला माहिती तपासून आधार मिळतो. दुसऱ्याला कितीही माहिती द्या, तो मान डोलावणारच.

विरोधात एकच माणूस असला तर फारसा फरक पडत नव्हता. दोन झाले की चुका वाढत आणि तिघांपाशी परिणाम जवळजवळ पूर्ण होई. म्हणजे ‘समाजाचा दबाव’ म्हणायला अख्खा समाज लागत नाही. उत्तर मोठ्यानं सांगण्याऐवजी कागदावर लिहायला दिलं, की झुकणं बरंच कमी होई. म्हणून एखाद्या वादावर लोक काय म्हणतात ते वाचण्याआधी आपलं मत दोन ओळींत लिहून ठेवावं, कारणासकट. मत नंतर बदललं तरी हरकत नाही. ते कशामुळे बदललं, पुराव्यानं की गर्दीनं, हे निदान कळतं.

माध्यमांचं हत्यार वेगळं: पुनरावृत्ती. १९७७च्या एका प्रयोगात दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीन वेळा विधानं ऐकवली. पुन्हा ऐकलेली विधानं, खरी असोत वा खोटी, लोकांना अधिक खरी वाटू लागली. ओळखीचं वाक्य मेंदूला सोपं जातं आणि त्या सोपेपणालाच तो खरेपणा समजतो. ‘मी नुसतं वाचतो, मानत नाही’ हे इथं चालत नाही. उत्तर ठाऊक असलेल्यांवरही हा परिणाम दिसला आहे. पहिल्याच वाचनाला ‘हे खरं आहे का?’ असं विचारलं, तर तो कमी होतो. दहाव्यांदा वाचल्यावर विचारण्याला तितका अर्थ उरत नाही.

धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांचा जीव घेतला. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर झाली. असा अडथळा स्वतःपुरताही घालता येतो, फक्त तो नेमका हवा. ‘जपून वागेन’ हा संकल्प टिकत नाही. ‘संताप आणणारा संदेश आला, की आधी फोन पालथा ठेवीन आणि रात्री जेवणानंतरच उघडीन’ हा टिकण्याची शक्यता जास्त, कारण त्यात वेळ आणि कृती आधीच ठरलेली असते.

आणि एक सोबती शोधावा. अ‍ॅश यांच्या गटात एक जण जरी खरं बोलला, तरी झुकणं चौथ्या हिश्शावर येई. तोच सोबती मध्येच बहुमताला मिळाला, की चुका एकदम वाढत. तो काही निमित्तानं नुसता खोलीबाहेर गेला, तर मात्र त्या तितक्या वाढत नसत.