कोड लिहिण्याआधी पडद्याआड बसलेला माणूस

नव्या ॲपची कल्पना सुचली की आधी ती स्वस्तात तपासून पाहा, हा सल्ला आज होतकरू उद्योजकाला पहिल्याच दिवशी मिळतो. त्यासाठी वापरला जाणारा ‘मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट’ (कल्पना तपासण्यापुरतं किमान उत्पादन), म्हणजेच ‘एमव्हीपी’, हा शब्द फ्रँक रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये वापरात आणला. एरिक रीस यांच्या २०११ मधल्या पुस्तकाने तो जगभर पोचवला. पद्धत मात्र या नावाहून कितीतरी जुनी आहे, आणि तिचा उगम मला एका टायपिस्टच्या खोलीत दिसतो.

माणसाने बोलावं आणि यंत्राने टाइप करावं, यासाठी आयबीएमची धडपड चालू होती. त्या काळच्या संगणकांना बोलणं धड ओळखता येत नव्हतं, आणि तसं यंत्र घडवायचं तर वर्षानुवर्षं आणि अफाट पैसा लागणार. जॉन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. एका खोलीत बोलणारा माणूस, समोर मायक्रोफोन आणि स्क्रीन; दुसऱ्या खोलीत एक तरबेज टायपिस्ट. बोललेलं पत्र टायपिस्ट ऐकून टाइप करी आणि शब्द स्क्रीनवर उमटत. यंत्राला हजारच शब्द येतात असं धरून चाललं, तर त्याबाहेरच्या शब्दाच्या जागी नुसत्या फुल्या दिसत. १९८३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शब्दसंग्रह किती मोठा हवा, एकेक शब्द तोडून बोलणं लोकांना जमतं का, हे सगळं यंत्र अस्तित्वात नसताना मोजून झालं होतं. मला या प्रयोगाचं मोठेपण इथे वाटतं: त्यांनी यंत्राआधी माणसाची सवय तपासली.

पुढे पाम कंपनीच्या जेफ हॉकिन्स यांनी हेच लाकडाच्या ठोकळ्यावर केलं. त्यांचं आधीचं ‘झूमर’ हे हातात धरायच्या छोट्या संगणकासारखं उपकरण बाजारात चाललं नव्हतं. म्हणून नव्या उपकरणाच्या मापाचा एक ठोकळा त्यांनी बनवला आणि खिशात घालून फिरू लागले. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि काडीने त्यावर लिहिल्यासारखं करायचं. खिशात मावतं का, दिवसातून किती वेळा हात तिकडे जातो, कशासाठी जातो, हे त्यांना स्वतःच्याच अनुभवातून कळत गेलं. १९९६ मध्ये आलेलं पाम पायलट तुफान खपलं.

इंटरनेट आल्यावर पडद्याआडचा माणूस दुकानात जाऊ लागला. १९९९ मध्ये निक स्विनमर्न यांनी जवळच्या दुकानातल्या बुटांचे फोटो काढून वेबसाइटवर टाकले. ऑर्डर आली की दुकानातून पूर्ण किमतीला जोड विकत घेऊन ग्राहकाला पाठवायचा. फायदा शून्य, पण न घालून पाहता लोक बूट विकत घेतात, हे गोदाम उभारण्याआधीच सिद्ध झालं. यातूनच झॅपॉस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी उभी राहिली. ग्राहकाची यात फसवणूक नव्हती, त्याला त्याचे बूट मिळत होते. ‘लवकरच येत आहे’ असं बटण लावून नुसते क्लिक मोजण्यापेक्षा मला ही रीत अधिक प्रामाणिक वाटते आणि अधिक खात्रीचीही, कारण इथे माणूस खिशात हात घालतो.

एकच फाइल सगळ्या संगणकांवर सारखी ठेवणाऱ्या ड्रॉपबॉक्सला हा मार्ग मोकळा नव्हता. फायली आपोआप जुळवण्याचं काम कुणी माणूस आडून करू शकत नाही. ड्रू ह्यूस्टन यांनी २००८ मध्ये वापर दाखवणारा छोटा व्हिडिओ टाकला, तेव्हा प्रतीक्षा यादी एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर गेली.

आपल्याकडचं ठळक उदाहरण बेंगळुरूचं. २०१४-१५ च्या सुमारास कबीर बिस्वास यांनी डन्झो सुरू केलं, तेव्हा ॲप नव्हतंच. लोक व्हॉट्सॲपवर काम सांगत, आणि इकडची वस्तू तिकडे नेण्यापासून सामान आणण्यापर्यंतची कामं माणसंच पार पाडत. कुठली कामं वारंवार येतात हे त्या संदेशांतूनच दिसलं. ॲप नंतर आलं आणि २०१७ च्या डिसेंबरात गूगलने पैसे गुंतवले. पुढे झटपट किराण्याच्या स्पर्धेत कंपनी पैशांच्या ओढगस्तीत सापडली आणि २०२५ च्या सुरुवातीला सेवा बंद पडली. त्यामुळे पहिली चाचणी खोटी ठरते असं मला वाटत नाही. लोक अनोळखी माणसाला आपलं काम सांगतील का, एवढंच व्हॉट्सॲपला विचारलं होतं आणि त्याचं उत्तर खरंच आलं होतं. दर फेरीचा खर्च कोण सोसणार, हे त्या संदेशांना कुणी विचारलंच नव्हतं.