फुकट वायफायची कुळकथा

महापालिकेच्या फुकट वायफायचा विषय सोलापुरात कुठल्याही कट्ट्यावर काढा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "अगोदर पाणी रोज सोडा की ओ, मग वायफाय बघू." ऐकून हसू येतं, पण बोलणाऱ्याला अनुभव असतो. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर जलवाहिनीतून येतं आणि तरी घरच्या नळाला वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड मिळत आलं, अशा गावाला एक गोष्ट कुणी शिकवावी लागत नाही. पाइप टाकणं वेगळं आणि त्यातून पाणी येत राहणं वेगळं. शहराने लोकांना बिनतारी इंटरनेट पुरवायचं, या कल्पनेला आता वीस वर्षं होऊन गेली. जिथे जिथे ती फसली, तिथे याच फरकावर फसली.

मुळात वायफाय स्वस्त का, इथून सुरुवात करू. रेडिओलहरी ही सरकारी मालमत्ता. आकाशवाणीला, पोलिसांच्या वायरलेसला, मोबाइल कंपन्यांना आपापला पट्टा परवाना घेऊन, पुष्कळदा लिलावात पैसे मोजून मिळतो. काही पट्टे मात्र मायक्रोवेव्ह ओव्हनसारख्या यंत्रांसाठी सोडलेले होते. संदेशवहनाच्या दृष्टीने ती टाकाऊ जागा, कारण ओव्हन सुरू झाला की तिथे खरखर. १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने या टाकाऊ पट्ट्यांत परवान्याशिवाय संदेश पाठवायला मुभा दिली, अट एवढीच की शक्ती कमी ठेवा आणि दुसऱ्याच्या खरखरीची तक्रार करू नका. त्या पडीक रानातच पुढे १९९७ मध्ये वायफायचं पहिलं तांत्रिक मानक आलं, वेग सेकंदाला दोन मेगाबिट. १९९९ मध्ये तो अकरावर गेला आणि त्याच वर्षी 'वायफाय' हे नावही बाजारात आलं. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा हा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त झाला तो जानेवारी २००५ मध्ये. त्याआधी चौकात वायफाय लावायचं म्हटलं तर दिल्लीहून परवानगी आणणं आलं.

कमी शक्तीची ही अट लक्षात ठेवायला हवी, पुढचं सगळं गणित तिच्यावर उभं आहे.

पट्टा फुकट म्हटल्यावर शहरांच्या महापौरांना स्वप्नं पडू लागली. सगळ्यात गाजलं ते अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. २००४ मध्ये महापौर जॉन स्ट्रीट यांनी जाहीर केलं की सुमारे साडेतीनशे चौरस किलोमीटरचं अख्खं शहर वायफायखाली आणू. कल्पना अशी की विजेच्या खांबांवर सिग्नल सोडणारे वायफायचे डबे बसवायचे, घरबसल्या महिना वीस डॉलरच्या आसपास आकारायचे आणि गरिबांना त्याहून स्वस्तात द्यायचं. टेलिफोन कंपन्यांच्या पोटात गोळा आला. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया राज्याने कायदा केला की यापुढे कुठल्या शहराला पैसे घेऊन अशी सेवा द्यायची असेल तर आधी स्थानिक टेलिफोन कंपनीला विचारायचं. फिलाडेल्फिया तेवढं त्यातून सुटलं. अर्थलिंक नावाच्या कंपनीने स्वतःच्या खर्चाने जाळं उभारायला घेतलं, आणि मग खरी अडचण समोर आली. खांबावरचा सिग्नल विटांच्या भिंतीत शिरेना. आधी हिशेबात धरले होते त्याहून बरेच जास्त डबे लावावे लागले, आणि वर्गणीदार अपेक्षेच्या जवळपासही पोचले नाहीत. २००८ मध्ये कंपनीने अंग काढून घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हीच कंपनी गुगलला सोबत घेऊन तसंच काही करणार होती, ते २००७ मध्येच बारगळलं होतं.

ही लाट आपल्याकडेही आली. २००६ मध्ये पुणे महापालिकेने इंटेलच्या साथीने 'अनवायर पुणे' नावाची योजना गाजावाजाने सुरू केली. पुढे तिचं नाव पेपरातून हळूहळू दिसेनासं झालं. जानेवारी २०१४ मध्ये बंगळुरूने एम. जी. रोडसारख्या ठिकाणी 'नम्म वायफाय' सुरू केलं, तेही काही वर्षांत थंडावलं. त्या काळात आम्ही सोलापूरकर नेट कॅफेतल्या प्लायवूडच्या खोपटात तासाच्या हिशेबाने बसत होतो. दारात वही, वहीत नाव, पत्ता, ओळखपत्राचा नंबर, आत गेल्याची वेळ आणि सही.

ती वही पुढे वायफायच्या मागेही लागली. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच सुमारास जबाबदारी घेणारा एक ईमेल आला, आणि तो नवी मुंबईतल्या एका परदेशी नागरिकाच्या घरच्या वायफायवरून गेल्याचं तपासात निघालं. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना हुकूम काढला: सार्वजनिक वायफाय वापरणाऱ्या प्रत्येकाची ओळख पटली पाहिजे आणि नोंद राहिली पाहिजे. सार्वजनिक वायफायवरच्या ओटीपीचा उगम हा. फोनला वायफाय सापडलं की लगेच नेट चालू, असं आपल्याकडे होत नाही. आधी एक पान उघडतं, नंबर मागतं, मग मेसेजची वाट बघायची.

कारण पटण्यासारखं आहे, मी त्याच्याशी भांडत नाही. पण त्याचा भार कुणावर पडतो ते बघण्यासारखं आहे. एका मे महिन्यात, भर दुपारी, एका चौकात मी हे करून पाहिलं. उन्हात स्क्रीन दिसेना, सावली शोधून नंबर टाकला, मेसेज आला तोवर पानाची मुदत संपली, परत नंबर. तिसऱ्या खेपेला मी माझा स्वतःचा डेटा चालू केला आणि चालू लागलो. माझ्याकडे डेटा होता म्हणून. ज्याचा रिचार्ज संपलाय, त्याला फुकट वायफायची खरी गरज. आणि रिचार्ज संपून बरेच दिवस झाले की कंपनी येणारे मेसेजही थांबवते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, यंत्रमाग कामगारांच्या घरांत दुसरी गंमत असते. घरात फोन दोन, त्यातला नंबरवाला बापाच्या खिशात, बाप यंत्रमागावर. पोरगी चौकात उभी, ओटीपी कारखान्यात. मागांच्या खडखडाटात मेसेजची टिंग कुणाला ऐकू येणार?

२०१६ हे साल या कहाणीत मधोमध येतं. २२ जानेवारीला मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल ही रेल्वेची दूरसंचार कंपनी आणि गुगल यांचं फुकट वायफाय सुरू झालं. पुढच्याच आठवड्यात, २८ जानेवारीला, स्मार्ट सिटी अभियानाची पहिली वीस शहरांची यादी आली आणि त्यात सोलापूर नववं. पुणे दुसरं होतं, पण आमच्याकडे त्या दिवशी पुण्याचं कुणाला पडलं नव्हतं. केंद्र पाच वर्षांत पाचशे कोटी देणार, तेवढीच भर राज्याने आणि महापालिकेने मिळून घालायची. अभियानाच्या मूळ कागदात पाणी, वीज, स्वच्छता यांच्या पंक्तीला 'भक्कम माहिती-तंत्रज्ञान जोडणी' हे कलमही होतं, आणि देशभरच्या अनेक शहरांच्या आराखड्यांत त्याचं भाषांतर 'फुकट वायफाय' असं झालं. साहजिक आहे. भुयारी गटाराचा फोटो निघत नाही, वायफायच्या खांबाचा निघतो.

त्यावेळी हिशेब बरोबरच होता. मोबाइलवर एक जीबी डेटाला दोनशे रुपयांच्या वर पडत होते. मग ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. बघता बघता 'दिवसाला एक-दीड जीबी' ही भाषा भाजीवाल्याच्या तोंडी बसली. रेल्वेस्थानकांचं वायफाय तोवर चारशे स्थानकांवर पोचलं होतं, तिथे बसून भरतीचा अभ्यास करणाऱ्या हमालाची बातमीही गाजली होती. तरी फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने काढता पाय घेतला. कारण उघडपणे सांगितलं: पाच वर्षांत डेटाचा भाव ९५ टक्क्यांनी उतरला, आता या सोयीची तेवढी निकड उरली नाही. रेलटेलने ती सेवा स्वतःच्या बळावर चालू ठेवली आणि वाढवली. पहिली तीस मिनिटं फुकट, पुढे पैसे.

म्हणजे खांब उभे राहायच्या आत गरज सरली? पुष्कळांची सरली, सगळ्यांची नाही. टाळेबंदीत ऑनलाइन शाळा भरल्या तेव्हा दिवसाचा एक जीबी दोन भावंडांत दुपारपर्यंतही पुरत नव्हता. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी एकदम दर वाढवले, तेव्हा विड्या वळणाऱ्या बाईच्या हिशेबात रिचार्ज हा किराण्याइतका ठळक खर्च झाला होता.

आता कमी शक्तीच्या अटीवरचं ते राहिलेलं गणित. सोलापूर महापालिकेची हद्द १७८ चौरस किलोमीटरच्या वर आहे, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ९,५१,५५८. एका डब्याचा सिग्नल मोकळ्या मैदानात शंभर मीटर जातो असं उदार मनाने धरलं, तरी एका चौरस किलोमीटरला तीसेक डबे लागतात. अख्ख्या शहराला साडेपाच हजारांच्या वर. आणि सोलापूर म्हणजे मोकळं मैदान नव्हे. बाळीवेशीतल्या दगडी भिंती, मागांच्या शेडचे पत्रे, रस्त्याकडेचा कडुनिंब, सगळे थोडा थोडा सिग्नल खातात. शंभराचे पन्नास मीटर झाले की डबे चौपट: बावीस हजारांच्या पुढे. शिवाय डबा ही नुसती नळाची तोटी. मागे फायबरची लाइन हवी, चोवीस तास वीज हवी, आणि त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात पत्र्याच्या पेटीत बंद असलेलं यंत्र अधूनमधून उघडून बघणारा माणूस हवा. डबा एकदा घ्यायचा, तो भांडवली खर्च. त्याला अनुदान मिळतं, कोनशिला मिळते. लाइन, वीज आणि माणूस हा दरमहाचा महसुली खर्च, तो महापालिकेच्या स्वतःच्या तिजोरीतून. ठेकेदाराची देखभालीची मुदत संपली की पेटी खांबावर राहते, हिरवा दिवा तेवढा विझतो. जाहिरातीतून पैसा काढू म्हणणारे बरेच येऊन गेले, पण चौकात दोन मिनिटं थांबणाऱ्या माणसाला कुठली जाहिरात किती वेळ दाखवणार?

शहराने सगळं स्वतः करायचं हा हट्ट केंद्रानेच पुढे सोडला. ९ डिसेंबर २०२० ला मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. ही कल्पना ओळखीची वाटेल, कारण ती पिवळ्या पाटीच्या एसटीडी-पीसीओवरून घेतली आहे. चहाची टपरी, किराणा दुकान, झेरॉक्सवाला, कुणीही साधी ब्रॉडबँड लाइन घेऊन गिऱ्हाइकाला वायफाय विकू शकतो, परवाना नाही की नोंदणी शुल्क नाही. शाम्पूच्या पुडीसारखं दोन रुपयांपासून वीस रुपयांपर्यंतचं नेट, असं दूरसंचार नियामकांच्या डोक्यात २०१७ पासून होतं. २०२२ पर्यंत देशात एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉट हे राष्ट्रीय धोरणातलं उद्दिष्ट. २०२५ च्या मध्यावर पीएम-वाणीचे झाले तीन लाखांच्या आसपास. घोडं इथेही लाइनपाशीच अडलं. टपरीवाल्याने 'मी विकणार आहे' म्हटलं की कंपन्या घरगुती जोडणीऐवजी अनेक पटींनी महाग अशी व्यावसायिक लाइन पुढे करत. अखेर जून २०२५ मध्ये नियामकांनी बंधन घातलं की अशा दुकानदाराकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही.

सोलापुरात फुकट वायफाय कुठे लावावं हे मला विचाराल तर चौक सोडून द्या. चौकात कुणी बसत नाही. एसटी स्टँडवर माणूस तासभर बसतो, सिव्हिलमध्ये पेशंटचा नातेवाईक रात्रभर बसतो, अभ्यासिकेत पोरं दिवसभर बसतात. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेचे दिवस आणखी वेगळे. तेव्हा गर्दीत मोबाइलचे टॉवर गुदमरतात आणि कर्नाटकातून आलेल्या भाविकाला यूपीआयने पैसे देता येईनात. अशी वीस-पंचवीस ठिकाणं निवडली, छताखालची, जिथे वीज आहे आणि दाराशी कुणीतरी माणूस आहे, तर लाइनचं बिल वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या बिलासारखं दरवर्षी अंदाजपत्रकात सहज बसेल. बावीस हजार डब्यांची घोषणा त्यात नाही, हे खरं.

मागच्या महिन्यात एका अभ्यासिकेत गेलो होतो. जिन्याखालच्या कोपऱ्यात पाच पोरं एकाच टेबलाभोवती दाटीवाटीनं बसली होती, बाकीची टेबलं मोकळी. पोलीस भरतीचा फॉर्म भरणं चाललं होतं, एकाच्या फोनच्या हॉटस्पॉटवर पाचही जण. मीही फोन काढून नेटवर्क शोधलं. यादीत एकच नाव होतं: 'पाणी आलं का'. पासवर्ड विचारला तर फोनवाला पोरगा म्हणाला, "आज माझा नंबर हाय ओ काका, डेटा संपत आलाय. उद्या ह्याचा."