उजनी तुडुंब भरली म्हणजे फ्लेमिंगोंची चंगळ?

"उजनी भरली की फ्लेमिंगो भरपूर, पाणी ओसरलं की पक्षी उपाशी," असा मजकूर उजनी धरणाबद्दल वर्षानुवर्षे फिरतो. पाणपक्षी म्हणजे पाणी हवंच, म्हणून तो कुणालाही पटतो.

पण फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित पक्षी, खातो कसा ते पाहा. उथळ पाण्यात उभा राहून तो वाकडी चोच उलटी बुडवतो आणि चिखलपाण्यातलं शेवाळ, अळ्या, बारीक जीव गाळून घेतो. पाणी फार खोल झालं की तळ चोचीच्या आवाक्याबाहेर जातो. पावसाळ्यानंतर उजनी जलाशयाचे भिगवणकडचे काठ खोल बुडालेले असतात. हिवाळ्यात पाणी उतरतं, दलदल उघडी पडते, तेव्हा थवे उतरतात. चिखल टोचणाऱ्या तुतारींसारख्या पक्ष्यांचंही तसंच. पाणकावळ्याला मात्र बुडी मारण्याइतकं पाणी लागतं. म्हणून खोल, उथळ, चिखल असं सगळंच टिकायला हवं. पूर्ण कोरडं पडणंही वाईटच.

पडताळायचं असेल तर एकच काठ ऑक्टोबरात आणि फेब्रुवारीत पाहा, नावाड्याच्या बांबूने खोली मोजा. थवा उडवायला मात्र नावाड्याला कृपया सांगू नका, ती पक्ष्यांची खाण्याची वेळ असते.