सत्यम: घोटाळ्यानंतर तुटलेला विश्वास आणि त्याची पुनर्बांधणी

संस्थेच्या आत गमावलेला विश्वास परत कसा मिळवावा, हा प्रश्न भारतीय उद्योगजगतापुढे सर्वांत ठळकपणे उभा राहिला तो हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस या माहिती तंत्रज्ञान कंपनीच्या निमित्ताने. 7 जानेवारी 2009 रोजी अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला पत्र लिहून ताळेबंदातील 5,040 कोटी रुपयांची शिल्लक अस्तित्वातच नसल्याचे कबूल केले. त्याच्या तीनच आठवडे आधी, राजू कुटुंबाशी संबंधित मायटास कंपन्या विकत घेण्याचा संचालक मंडळाने मंजूर केलेला प्रस्ताव गुंतवणूकदारांच्या संतापामुळे काही तासांत मागे घ्यावा लागला होता.

या घोटाळ्याची चर्चा बहुधा रकमेभोवतीच फिरते. कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने मात्र अधिक जिव्हारी लागणारी गोष्ट केंद्रीय अन्वेषण विभागाच्या तपासातून पुढे आली. खोटी विक्री दाखवण्यासाठी तयार केलेली हजारो बनावट बिले संगणक प्रणालीत अशा रीतीने नोंदवली जात की, ज्या विभागांच्या नावावर ती होती त्या विभागांच्या लोकांना ती दिसतच नसत. प्रामाणिकपणे काम करणाऱ्यांपासून त्यांच्याच कामाचा हिशेब लपवला गेला होता आणि तरीही बाहेरच्या जगात बदनामी वाट्याला आली ती त्यांच्याच. ग्राहकाला, बँकेला, घरच्यांना उत्तर त्यांनाच द्यावे लागत होते.

केंद्र सरकारने जुने संचालक मंडळ बरखास्त करून दीपक पारेख, किरण कर्णिक आणि सी. अच्युतन यांची नव्या मंडळावर नियुक्ती केली. पुढे तरुण दास, टी. एन. मनोहरन आणि एस. बी. मैनाक हेही त्यात आले. या मंडळाने मूल्यांची नवी घोषणापत्रे काढण्यापेक्षा पगार वेळेवर होण्याकडे आणि ग्राहक टिकवण्याकडे आधी लक्ष दिले, हे माझ्या मते सर्वांत शहाणपणाचे पाऊल होते. फेब्रुवारीत मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून त्यांनी बाहेरचा माणूस न आणता कंपनीतच दीर्घकाळ काम केलेले ए. एस. मूर्ती यांना निवडले. सगळी संस्था अपराधी नाही, हे त्या निवडीतून आतल्या लोकांपर्यंत पोहोचले.

एप्रिल 2009 मध्ये कंपनी विकत घेण्यासाठी झालेल्या स्पर्धात्मक बोलीत टेक महिंद्राने प्रति शेअर 58 रुपये देऊ करून लार्सन अँड टुब्रोला मागे टाकले. महिंद्रा समूह मुंबईचा आणि टेक महिंद्राचे मुख्यालय पुण्यात, त्यामुळे या पुनर्बांधणीची सूत्रे महाराष्ट्रात आली. सूत्रे हाती घेतलेले टेक महिंद्राचे अधिकारी विनीत नय्यर आणि सी. पी. गुरनानी यांच्यापुढील सर्वांत अवघड निर्णय मनुष्यबळाचा होता. काम कमी आणि माणसे जास्त, अशी स्थिती असताना हजारो कर्मचाऱ्यांना थेट काढून न टाकता ‘व्हर्च्युअल पूल’मध्ये ठेवण्यात आले, तेथे काही महिने मूळ वेतन मिळे आणि काम उपलब्ध झाल्यास परत बोलावले जाई. ज्यांना परत बोलावणे आले नाही त्यांच्यासाठी ही लांबलेली नोकरकपातच होती, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. तरीही किती काम आहे आणि किती माणसे जास्त आहेत, हे व्यवस्थापनाने उघडपणे सांगितले. आकडे लपवण्याची सवय लागलेल्या संस्थेत या उघडपणाचे मोल मोठे होते.

खरे हिशेब मात्र सप्टेंबर 2010 पर्यंत आलेच नाहीत. नव्याने मांडलेल्या ताळेबंदात 2008-09 या वर्षाचा तोटा 8,000 कोटींहून अधिक निघाला. तोपर्यंतचे दीड वर्ष कर्मचारी आणि ग्राहक यांना कंपनीची नेमकी स्थिती माहीत नसतानाच काम करावे लागले होते. जून 2013 मध्ये सत्यम, म्हणजे खरेदीनंतरच्या नव्या नावाने महिंद्रा सत्यम, टेक महिंद्रात विलीन झाली. त्याच वर्षीच्या नव्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षक ठरावीक काळाने बदलणे आणि शेअर बाजारात सूचिबद्ध कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना तक्रार करण्यासाठी संरक्षित मार्ग देणे बंधनकारक केले. राजू आणि इतर नऊ जणांना हैदराबादच्या विशेष न्यायालयाने एप्रिल 2015 मध्ये दोषी ठरवून सात वर्षांची शिक्षा सुनावली.