एक अक्षर चुकलं तर कॉम्प्युटर बाद होतो?

फोंडा-म्हापशाकडच्या कॉलेज लॅबमध्ये सीनियर मुलं नव्यांना हमखास घाबरवतात: लिनक्सच्या टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) एक अक्षर चुकलं की कॉम्प्युटर बाद! तसं होत नाही. भलताच शब्द टाकलात तर शेल, म्हणजे तुमच्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, 'अशी कमांड नाही' एवढंच कुरकुरतं. सिस्टिमच्या फायली बदलायला रूटचा, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्याचा, अधिकार लागतो, तो साध्या खात्याला नसतो. त्यामुळे 'एलएस' (ls, फायलींची यादी दाखवणारी), 'सीडी' (cd, फोल्डर बदलणारी), 'पीडब्ल्यूडी' (pwd) या कमांड बिनधास्त चालवा. (हा पीडब्ल्यूडी रस्त्यावरचे खड्डे बुजवणारा नव्हे, तुम्ही कुठल्या फोल्डरमध्ये आहात ते सांगणारा.)

जपायचं ते 'आरएम'ला (rm). तो फाइल कचरापेटीत टाकत नाही, थेट काढून टाकतो, आणि तुमच्या स्वतःच्या असाइनमेंटवर चालायला त्याला रूट लागत नाही. नवखे असेपर्यंत 'आरएम'च्या पुढे 'डॅश आय' (-i) जोडा, म्हणजे तो आधी विचारेल. आणि रूटचा अधिकार उसना देणारं 'सुडो' (sudo) कुणाच्या सांगण्यावरून लावू नका.