मोटर गेली, पोकळी राहिली: मोठ्या रणगाडा-मॉडेलांची पार्श्वभूमी

अर्धा मीटर लांबीचा प्लास्टिकचा रणगाडा, आत इंजिनापासून तोफगोळ्यांच्या रॅकपर्यंत सगळं, आणि जुळवायला वर्षभर. अशा किटचं आता कुणाला नवल वाटत नाही. ही किटं अवघड का, तर मोठी म्हणून, असा सर्वसाधारण समज. मला तो अर्धाच खरा वाटतो. आकाराइतकाच हात एका अशा वस्तूचा आहे, जी आता यातल्या बहुतेक किटांत नसतेच: सेलवर चालणारी मोटर.

सुरुवातीचा काळ थोडक्यात उरकतो, कारण त्यात रणगाडे कमी आणि विमानं जास्त. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये १:७२ प्रमाणातली विमानं आली. सहा फुटांना एक इंच, हिशेब सरळ. दुसऱ्या महायुद्धात शत्रूचं वाहन लांबून ओळखण्याच्या सरावासाठी १:१०८ प्रमाणात, म्हणजे नऊ फुटांना एक इंच अशी वाहनांची छोटी मॉडेलं बनली. युद्धानंतर पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक आलं आणि १९५० च्या दशकात अमेरिकेत १:४० ची लष्करी वाहनं निघाली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये १:७६ चे रणगाडे आले, ते खेळण्यातल्या रेल्वेच्या मापाचे, फुटाला चार मिलिमीटर. प्रत्येक आकड्यामागे कुणाची तरी पट्टी होती, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

मग आला १:३५. याच्यामागे कुठलीच पट्टी नव्हती.

जपानमधल्या शिझुओका शहरातल्या एका लाकूड कंपनीने युद्धानंतर लाकडी मॉडेलं विकायला सुरुवात केली होती. १९६० मध्ये ती प्लास्टिककडे वळली ती यामातो युद्धनौकेचं १:८०० किट घेऊन. प्रतिस्पर्ध्याने तीच नौका स्वस्तात काढली आणि पहिला डाव फसला. त्यानंतर, १९६१-६२ च्या सुमारास, जर्मन पँथर रणगाडा आला. पँथरच का? रणांगणावरचा दरारा वगैरे कारणं मागाहून जोडलेली. त्याच्या अंगावर गोलाई कमी आणि सपाट, तिरके पत्रे जास्त, म्हणजे साचा करायला सोपा. तोट्यातून वर येऊ पाहणाऱ्या कंपनीला एवढं कारण पुरेसं होतं.

रणगाडा चालायला हवा होता. त्या काळी नुसतं कपाटात ठेवायचं मॉडेल मुलांच्या गळी उतरलं नसतं. म्हणून धडात मोटर, गिअरबॉक्स आणि दोन सेल मावतील एवढी जागा धरली आणि तिच्याभोवती पँथर आखला. किट धडाक्यात खपलं. पुढचे रणगाडेही याच मापात काढायचे ठरलं, तेव्हा प्रश्न आला की हे माप आहे तरी किती? मोजून पाहिलं तर ते खऱ्या रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या भागाचं निघालं. आधी वस्तू, मग आकडा. कंपनीच्या प्रमुखांनीच हे पुढे लिहून ठेवलं आहे, त्यामुळे ही दंतकथा नाही.

या निर्णयावर आजही दोन तट आहेत. एक तट म्हणतो की सेलच्या मापाने साऱ्या छंदाला वेठीला धरलं. त्यांची तक्रार निराधार नाही. १:७२, १:४८, १:३२, १:१६ ही सगळी इंचांच्या घराण्यातली भावंडं. १:४८ म्हणजे फुटाला पाव इंच, १:३२ म्हणजे तीन अष्टमांश, १:१६ म्हणजे पाऊण इंच. १:३५ इंचातही बसत नाही आणि मेट्रिक दशकातही नाही. शिवाय १:३२ आधीपासून होतं आणि त्याला ५४ मिलिमीटरच्या सैनिकांच्या पुतळ्यांची जुनी, मोठी फौज तयार होती. पावणेसहा फुटी माणूस १:३२ मध्ये सुमारे ५५ मिलिमीटरचा होतो, १:३५ मध्ये ५० चा. फरक पाचच मिलिमीटरचा, पण दोघांना एकाच रणगाड्याशेजारी उभं केलं की एक जण दुसऱ्याचा थोरला भाऊ दिसतो. १९७० च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतल्या कंपन्यांनी १:३२ मध्ये रणगाडे आणि ट्रक काढून पाहिले. ते मागे पडले, कारण तोवर १:३५ मध्ये इतकी किटं झाली होती की संग्रह सुरू केलेल्या माणसाला माप बदलणं परवडणारं नव्हतं. इटलीतल्या एका कंपनीनेही मुकाट्याने १:३५ धरलं.

दुसरा तट म्हणतो, आकडा कुठलाही चालतो, सगळ्यांनी एकच पाळला म्हणजे झालं. माझा कल या बाजूला आहे. १:३५ चा टायगर हा जर्मन रणगाडा तोफेसकट सुमारे २४ सेंटिमीटर भरतो, ओंजळीत मावतो, टेबलाच्या कोपऱ्यावर रंगवता येतो आणि तरी त्याच्या ८८ मिलिमीटर तोफेचं तोंड अडीच मिलिमीटरचं, म्हणजे डोळ्याला दिसेल असं राहतं. दोन सेलनी नकळत हाताचं माप घेतलं, असं म्हणायला हरकत नाही. नडलं ते वेगळंच. पुढच्या रणगाड्यांचं प्रमाण तेच ठेवलं, पण मोटर आणि गिअरबॉक्स काही रणगाड्याबरोबर अरुंद होत नव्हते. मग काही धडं रुंद झाली, तळाला स्विचची भोकं पडली, ट्रॅकच्या, म्हणजे चाकांभोवतीच्या साखळपट्ट्यांच्या, वरची जागा उघडीच राहिली. चाकं फिरायला हवीत म्हणून त्यांत मऊ प्लास्टिकच्या बुशा आल्या आणि ट्रॅक रबरासारख्या विनाइलचे झाले, ज्यांची टोकं तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने दाबून जोडायची. खऱ्या टायगरचा वरचा ट्रॅक स्वतःच्या वजनाने चाकांवर लोळतो. विनाइलचा मात्र ताठ. जुन्या किटांमधल्या ज्या दोषांवर आज लोक तुटून पडतात, त्यातले निम्मे दोष नव्हतेच. ती मोटरीची सोय होती.

इथेच एक शब्दाचा गुंता सोडवून घ्यायला हवा. मराठीत 'मोठ्या प्रमाणावर' म्हटलं की पुष्कळ असा अर्थ लागतो. मॉडेलच्या बाबतीत 'मोठं प्रमाण' म्हणजे दुसरा आकडा लहान. एकास सोळा हे एकास पस्तीसपेक्षा मोठं. त्यात भर म्हणजे मोठं मॉडेल आणि मोठ्या प्रमाणातलं मॉडेल या दोन निराळ्या गोष्टी. डोरा ही जर्मन रेल्वे-तोफ घ्या: ८० सेंटिमीटर व्यासाची, सुमारे १३५० टनांची, ४७ मीटर लांब. तिचं १:३५ किट निघालं आहे आणि ते जवळजवळ १.३५ मीटर भरतं. प्रमाण नेहमीचंच, पण ठेवायला कपाट नाही, पलंग लागेल. उलट चार मीटरचा चिमुकला जर्मन रणगाडा पँझर-१ एकास सोळा केला तरी २५ सेंटिमीटरच होतो, म्हणजे १:३५ च्या टायगरएवढा. पहिल्यात कष्ट आहेत ते पुनरावृत्तीचे: तेच चाक, तोच बोल्ट, शेकडो वेळा. दुसऱ्यात ते एकेका चाकातल्या बारकाव्याचे. 'मोठं आणि अवघड' या एकाच नावाखाली हे दोन्ही खपतात.

मोटर निघून जायला सुरुवात झाली ती १९६८ मध्ये, असं मी मानतो. त्या वर्षी त्याच जपानी कंपनीने १:३५ सैनिकांच्या पुतळ्यांची मालिका सुरू केली. पहिल्या संचात जर्मन रणगाड्यावरची माणसं होती. माणूस शेजारी आला की रणगाडा जमिनीवरून धावेनासा होतो. तो एका प्रसंगात थांबतो. पाठोपाठ देखावे आले, चिखल आला, गंज आला. अचूकतेची भूकही याच सुमाराची. १९६६ मध्ये कंपनीची माणसं अमेरिकेतल्या अ‍ॅबरडीनच्या लष्करी संग्रहात जाऊन रणगाड्यांचे फोटो काढून आली होती. मधल्या काळात १:२५ मध्ये आतल्या भागांसकट काही रणगाडे निघाले, पण ते प्रमाण फारसं रुजलं नाही. १९७४ मध्ये मोटर थाटात परतली, पण दुसऱ्या घरात: १:१६ चा अमेरिकन शेरमन रणगाडा, रेडिओवर चालणारा. एका घरात चालणारे, दुसऱ्यात बसलेले, अशी वाटणी झाली.

१:३५ च्या घरात मात्र आता एक रिकामं धड उरलं होतं. झाकण उघडलं की आत अंधार, कधी मोटरीचे खुंट. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत लोकांनी आधी बाहेरचं सगळं बदललं. १९८० च्या दशकात रेझिनचे (रबरी साच्यात ओतलेले) भाग आणि फोटोएच (रसायनाने कोरून काढलेले पातळ धातूचे भाग) आले. खऱ्या मडगार्डचा दोन मिलिमीटरचा पत्रा १:३५ मध्ये ०.०६ मिलिमीटर होतो. इतकं पातळ प्लास्टिक साच्यात ओतता येत नाही, म्हणून पितळ. (पितळेचा तो पत्रा घडीवर वाकवताना चिमट्यातून उडून कायमचा नाहीसा होतो. त्याबद्दल कुणी पार्श्वभूमी लिहीत नाही.) मग तोफांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, आणि १९९० च्या दशकात एकेका कडीचे सुटे ट्रॅक. टायगरच्या एका बाजूला ९६ कड्या, सोव्हिएत टी-३४ च्या ७२. टायगरच्या १९२ कड्यांना प्रत्येकी दोन-तीन तुकडे आणि तुकड्यागणिक घासणं धरलं, तर नुसत्या ट्रॅकमध्ये महिना जातो.

सोव्हिएत संघ कोसळल्यावर मॉस्कोजवळच्या कुबिंकाचा संग्रह लोकांना पाहता आला. तोवर सोव्हिएत रणगाड्यांची किटं धूसर फोटोंवरून आणि अंदाजाने बनत होती. आता टेप धरता आली. जर्मन बाजूलाही कागद उघडले गेले. युद्धाच्या सुरुवातीचे जर्मन रणगाडे सरसकट गडद राखाडी, हे पिढ्यान्‌पिढ्या गृहीत होतं. १९४० च्या मध्यापर्यंत त्यांवर एक तृतीयांश गडद तपकिरी असायचा, हे कागदपत्रांतून पुढे आलं. कृष्णधवल फोटोत हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, चूक एवढीच. रंगवून झालेली मॉडेलं कुणी पुन्हा रंगवली नाहीत, ही गोष्ट निराळी.

२००० नंतर साचेच बदलले. दोन अर्ध्यांच्या साच्यात नळी नेहमी उभी चिरून दोन भागांत यायची आणि सांधा घासत बसावं लागायचं. बाजूने सरकणारे तुकडे असलेल्या साच्यांमुळे ती एकसंध आणि तोंडाशी पोकळ निघू लागली. चिनी कंपन्यांनी हे तंत्र उचललं आणि बाहेरचं सुधारायला फारसं काही उरलं नाही, तेव्हा मोटरीने सोडलेल्या त्या अंधाराकडे लक्ष गेलं. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात टायगर, पँथर आणि किंग टायगर 'पूर्ण अंतर्भागा'सह येऊ लागले. आत हस्तिदंती रंग, रॅकमध्ये एकेक तोफगोळा, रेडिओ, चालकाच्या आसनामागे फिरणारा दांडा. आणि मग वरचा भाग चिकटवला की यातलं नव्वद टक्के दिसेनासं. कंपन्यांना ही विसंगती कळत होती, म्हणून काही किटांत पारदर्शक पत्रे किंवा बाजूला कापून ठेवलेलं धड मिळतं. मला कापलेलं धड आवडत नाही. ते संग्रहालयातला नमुना वाटतं, वाहन वाटत नाही. पण आतलं काम बंद करून टाकण्याचं धाडस माझ्याच्याने झालेलं नाही, हेही खरं.

चिनी किटांनी १:१६ चं घर २००० च्या दशकातच उघडलं होतं, तिथेही अंतर्भाग आला. लांबी दुपटीहून थोडी जास्त, पण रंगवायचं क्षेत्रफळ जवळपास पाचपट आणि घनफळ साडेदहापट. १:३५ मधल्या सवयी इथे कुचकामी ठरतात. बारा मिलिमीटरचा वेल्ड १:३५ मध्ये केसासारखा, १:१६ मध्ये पाऊण मिलिमीटरचा. तो डोळ्यांत भरतो, म्हणून पुट्टीने पुन्हा उठवावा लागतो. ओतीव टरेटचा (तोफेच्या फिरत्या बुरुजाचा) खरखरीतपणा आणि लाटलेल्या पत्र्याचा गुळगुळीतपणा वेगळे दिसावे लागतात. जर्मन रणगाड्यांवर १९४३ च्या शरदापासून सप्टेंबर १९४४ पर्यंत थापला जाणारा झिमेरिटचा (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणूनचा) लेप १:३५ मध्ये नक्षी म्हणून चालून जातो. इथे तो थापल्यासारखा दिसला नाही तर सगळं फसतं. प्लास्टिक जाड झाल्याने थंड होताना खड्डे पडतात, तेही भरायचे. सर्वांत मोठा धक्का रंगात बसतो. कडा उजळायच्या, पत्र्यागणिक छटा बदलायची, हे लहान मॉडेलला उठाव द्यायला शोधलेले उपाय. अर्ध्या मीटरच्या रणगाड्यावर खरा उजेड स्वतःच सावल्या पाडतो आणि रंगवलेली सावली त्याच्याशी भांडते. १:१६ मध्ये धूळ खरीच धुळीसारखी बसवावी लागते, आणि ती जितकी कमी तितकी बरी.

मोटरीची सावली या घरातही आहे. काही स्थिर किटं रेडिओवर चालणाऱ्या रणगाड्यांच्याच साच्यांतून निघालेली असतात. ती खणखणीत मजबूत असतात, पण सस्पेन्शन भार पेलायला घडवलेलं, म्हणून बारकावे गुबगुबीत. उलट पूर्ण अंतर्भागाच्या किटांत, पहिल्या पँथरच्या ज्या धडात मोटर आणि दोन सेल बसले होते, तिथे आता बारा सिलिंडरचं मेबाख इंजिन बसतं. त्याच्या प्लगच्या तारा वेगळ्या विकत घेऊन जोडाव्या लागतात. इंजिनावरचं झाकण मी चिकटवत नाही.